कडब्याच्या यंत्रातली शर्यतीची गाडी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. म्हणजे कागदावर झालं होतं; गावात कुठलं ऑफिस कुठल्या घरात उघडलंय हे त्या ऑफिसातल्या साहेबालाही पानटपरीवर विचारावं लागायचं. माझी नांदेडहून तिथल्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात बदली झाली. मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवायचा होता. केंद्राला पाटी होती, हजेरीपट होता, शिपाई होता आणि शिपायाला बसायला स्टूलही होतं. फक्त मोटार नव्हती. यंत्रसामग्री 'निघाली आहे' असं दर महिन्याला कळायचं. मी फळ्यावर रंगीत खडूंनी इंजिन काढायचो, विद्यार्थी ते वहीत उतरवायचे आणि तास संपला की शिपाई फडक्यानं इंजिन पुसून टाकायचा.

पाऊसही असाच दोन वर्षं निघालेला होता. विहिरी आटल्या होत्या, गल्लीत टँकर यायचा आणि टँकरचा वार चुकला की आम्ही नवराबायको चहा एका कपात प्यायचो. त्याचं कारण प्रेम नव्हतं, दुसरा कप धुवावा लागू नये एवढंच होतं. लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायको उदगीरची, आडत दुकानदाराची मुलगी. तिच्या हिशेबी डोक्याला माझ्या नोकरीचं मोठं नवल वाटे. "अहो, म्हणजे तुम्ही इंजिनाचं चित्र शिकवता?" असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी म्हटलं, तात्पुरतं.

शेवटी प्राचार्यच एकदा म्हणाले, "खडू संपत चाललेत. कुठं जुनं-पानं इंजिन मिळतंय का बघा. फुकट मिळालं तर उत्तम."

म्हणून एका शनिवारी मी औशाला गेलो. बाजारात भंगारवाल्यांकडं चौकशी करत फिरत होतो, तेवढ्यात किल्ल्याच्या अंगानं एक आवाज आला. कडबा कापण्याच्या यंत्राचा आवाज मला ठाऊक होता. त्या दुष्काळात तो गावोगाव ऐकू यायचा, कारण पेंढीतली काडी वाया जाऊ नये म्हणून जो तो कडबा बारीक करून जनावरांपुढं टाकायचा. पण हा आवाज वेगळा होता. डिझेलचं इंजिन धापा टाकतं. हे किंचाळत होतं. जवळ गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एक जाडजूड मालक यंत्राच्या तोंडात पेंढ्या सारत होता आणि यंत्राला पट्टा लावून फिरवणारं इंजिन चक्क मोटारसायकलचं होतं. तेही आपल्याकडच्या नाही. वारा घ्यायला रुंद, सुंदर पात्या असलेलं, अंगावर कोरलेली परदेशी अक्षरं आणि त्या अक्षरांच्या डोक्यावर छोट्या छोट्या टोप्या.

"हे इंजिन कशाचं हो?" मी विचारलं.

"कडब्याचं."

"तसं न्हाई. मूळचं?"

"मूळचं नांदेडचं."

एवढ्यात इंजिनाचा सूर चढला, मालकानं घाईनं ते बंद केलं, ओलं गोणपाट त्याच्या अंगावर टाकलं आणि चहा सांगितला. "अर्ध्या तासाच्या वर चालत न्हाई," ते म्हणाले. "गरम झालं की धरतंय, जाम होतंय. त्याच्यामुळं मला दिवसात वीस चहा होतात. डॉक्टर म्हणतो साखर वाढली. मी म्हणलं, इंजिनाला सांगा."

मी गोणपाट उचलून इंजिन खालून-वरून न्याहाळलं. छायाचित्रांच्या एका जुन्या पुस्तकात मी असलं इंजिन पाहिलं होतं. चिखलातून, टेकाडांवरून उड्या मारत धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीचं होतं ते, चेकोस्लोव्हाकियातलं. सर्कशीतला वाघ पाणी शेंदायला जुंपलेला पाहिल्यासारखं मला झालं.

"नांदेडला कुणाकडनं आणलं?"

मालकांनी ज्या मिस्त्रींचं वर्णन केलं, ते ऐकून मी चहाच खाली ठेवला. मेंदी लावलेली दाढी, सुतळीनं बांधलेला चष्मा, स्टेशनजवळचं दुकान. त्या दुकानात मी शिकत असताना तास बुडवून बसायचो. मला जे काही इंजिन येतं ते तिथंच आलेलं. कॉलेजनं नुसतं सर्टिफिकेट दिलं.

दुसऱ्याच रविवारी पहाटेची एसटी धरून नांदेड गाठलं. मिस्त्री दारातच बसले होते. मी शिकवायला लागल्यापासून ते मला 'मास्टर' म्हणायचे आणि त्यात अर्धी थट्टा असायची.

"क्या मास्टर, वाट कशी चुकली?"

मी औशाच्या इंजिनाची गोष्ट काढली. मिस्त्रींनी टँकरचं काढलं. मी पुन्हा इंजिनावर आलो. ते माझ्या सासऱ्यांच्या तब्येतीवर गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी पानाच उचलला आणि समोरच्या मोपेडचं चाक विनाकारण खोलायला घेतलं. मी वर बघितलं. दुकानाच्या छताला एक लोखंडी सांगाडा टांगलेला होता आणि त्याला सायकलच्या ट्यूबा लटकत होत्या. शिकत होतो तेव्हापासून मी तो पाहत आलो होतो आणि ट्यूबा टांगायची खुंटी म्हणूनच पाहत आलो होतो. आज पहिल्यांदा कळलं की ती गाडीची चेसी आहे.

"मिस्त्री, ही तीच गाडी ना?"

मिस्त्रींनी पाना ठेवला. "हाव," ते म्हणाले. "तीच आफत."

हैदराबादचा एक जवान, शर्यती खेळणारा, ट्रकमध्ये गाडी घालून कुठल्याशा शर्यतीला निघाला होता. नांदेडला मुक्काम केला, सरावाला म्हणून नदीच्या वाळूत गाडी फिरवली आणि ती जाम झाली. मिस्त्रींकडं सोडली. आठ दिवसांत येतो म्हणाला. "आला न्हाई," मिस्त्री म्हणाले. "लई वर्षं वाट बघितली. मग एकेक करून देऊन टाकलं सामान. पडून काय करायचं?"

"कुणाला काय दिलं ते आठवतं?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला विचारल्याची लाज वाटली. माणसांची नावं ते विसरायचे, पण कुठला नट कुठं गेला हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. बोटांवर मोजत त्यांनी पत्ते सांगितले. इंजिन औशाला. दोन्ही चाकं नायगावला, पाण्याच्या गाड्याला. पेट्रोलची टाकी मागच्याच गल्लीत एका म्हातारीकडं. हँडल चार दुकानं सोडून न्हाव्याकडं. पोटफुगा सायलेन्सर त्यांच्या स्वतःच्या घरी, मागच्या दारी, कोंबडीच्या पिलांना आत शिरायला.

"जोडू या का?" मी म्हटलं.

"नक्को मास्टर. ती गाडी कुणाची होत न्हाई."

पण मी परत निघालो तेव्हा ते स्टुलावर चढून चेसीवरच्या ट्यूबा उतरवत होते.

अडचण अशी होती की यातली एकही वस्तू भंगारात पडलेली नव्हती. प्रत्येक भाग नोकरीला होता, आणि दुष्काळात नोकरी सोडायला कुणी तयार नसतं. औशाचे मालक तर म्हणाले, "इंजिन घेऊन जा की. त्याच्या जागी चालू इंजिन आणून ठेवा. माझ्याकडं तीस जनावरांचा कडबा रोज पडतोय."

मी घरी येऊन हताश बसलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आप्पांच्या विहिरीवर डिझेल इंजिन पडूनच आहे की. विहिरीत पाणी नाही. उपसायचं काय, हवा?"

उदगीरला गेलो. सासरे सकाळी कपाळाला भस्म लावून, पूजा आटोपून, दुकान उघडत होते. जावयानं इंजिन मागितल्याचं हे त्यांच्या पाहण्यातलं पहिलंच उदाहरण असावं. त्यांच्या घरी मराठी चालायची, पण नकार द्यायचा असला की सासरे कन्नडमध्ये शिरायचे.

"बेडा, बेडा," ते हात हलवत म्हणाले. "जावईबापू, अंगठी मागा, घड्याळ मागा. इंजिन कशाला?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "आप्पा, इंजिन पडून पडून गंजतंय. औशाला रोज चालेल, तेलपाणी ते बघतील, वर तुमच्या दोन बैलांचा कडबा फुकट कापून देतील. पाऊस पडला की इंजिन परत."

तेलपाण्याचं आणि कडब्याचं औशाच्या मालकांना अजून माहीतही नव्हतं. तिनं ते तिथंच, उंबऱ्यात उभ्या उभ्या ठरवलं होतं. सासरे मराठीत आले. आठ दिवसांनी परदेशी इंजिन गोणपाटात गुंडाळून आमच्या ओसरीवर आलं. औशाच्या मालकांनी निरोप पाठवला की नवं इंजिन थांबतच नाही, चहाला वेळ कसा काढायचा ते सांगा.

नायगावचा पाण्याचा गाडा मी लांबूनच ओळखला. शर्यतीच्या गाडीचं पुढचं चाक मोठं असतं आणि मागचं लहान. गाडेवाल्यानं ती दोन्ही चाकं एकाच दांड्याला दोन बाजूंना लावली होती, त्यामुळं गाडा कायम डावीकडं कललेला. त्यावरचं पिंप पाऊणच भरता यायचं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं गाडेवालाही डावीकडं कलून चालायचा. मी त्याला दोन सारख्या मापाची, चांगल्या टायरांची चाकं दिली, स्वतः बसवून दिली. त्यानं पिंप काठोकाठ भरलं, गाडा ढकलला आणि पन्नास पावलांवर थांबला.

"काय झालं?"

"सरळ चाललाय," तो काळजीनं म्हणाला. "मलाच जमंना गेलंय."

टाकीची म्हातारी मात्र सगळ्यात चिवट निघाली. ती टाकीत रेशनचं रॉकेल ठेवायची. मी तिच्यासाठी झाकणाचा नवा कोरा डबा नेला होता. तिनं डबा उलटा केला, सुलटा केला, बोटानं वाजवला. "याला तोटी कुठाय?" टाकीला खाली पेट्रोलची कळ होती, ती फिरवली की धार थेट चिमणीत. तिच्या मते अख्ख्या नांदेडात असं भांडं दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, आणि तिचं बरोबरच होतं. मिस्त्रींनी माझ्या डब्याला खाली भोक पाडून पितळी तोटी बसवून दिली, तेव्हा कुठं ती पाघळली. टाकी हातात घेऊन मी आत वाकून बघितलं. सगळी गाडी गंजलेली, पण टाकी आतून आरशासारखी. इतकी वर्षं रॉकेलानं तिची राखण केली होती. मी म्हातारीला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मग? मी काय पाणी भरत व्हते का? पाणी हाय कुठं?"

न्हाव्यानं हँडल सहज दिलं, फक्त त्याच जागी, तेवढ्याच उंचीवर, टॉवेल वाळवायला तेवढाच लांब दांडा मागितला. कोंबड्यांचा प्रश्न मिस्त्रींच्या बायकोनं सोडवला. कसा, ते तिनं सांगितलं नाही. पण सायलेन्सरमधून नंतर दोन महिने पिसं निघत होती.

जोडणी लातूरला, आमच्या ओसरीवर सुरू झाली. मिस्त्री दर पंधरवड्याला शनिवारी दुपारच्या एसटीनं यायचे आणि सोमवारी सकाळी जायचे. न मिळणारे भाग खूप होते. या गाडीची लांबची नातलग शोभेल अशी एक मोटारसायकल आपल्याकडं म्हैसूरला बनायची. तिचा पिस्टन घेऊन नांदेडच्या एका लेथवाल्या खराद्याकडून त्याचं डोकं तासून घेतलं, तिच्याच रिंगा घातल्या, तिच्याच क्लचच्या चकत्या. टायरवरचे गोटे झिजून सपाट झाले होते. टायरला थर चढवणाऱ्या माणसाला मिस्त्रींनी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून दिले आणि एकेक गोटा जागेवर चिकटवून घेतला. शेजारपाजारचे लोक सकाळी दात घासत येऊन उभे राहायचे. दिवा कुठाय, हॉर्न कुठाय, मागं बसायला जागा कुठाय, असं विचारायचे. काहीच नाही म्हटल्यावर ते बायकोकडं करुणेनं बघायचे.

आणि गाडी चालू झाली. पहिल्या दहा-बारा किकांना तिनं मिस्त्रींची पिंढरी तेवढी सोलली, तेराव्या किकला सुरू झाली आणि अशी किंचाळली की समोरच्या घरातलं मूल झोपेतून उठलं. मी नाचायच्या बेतात होतो. मिस्त्रींचा चेहरा मात्र पडलेला. "थांबा," ते म्हणाले. पाच मिनिटांनी इंजिनाचा सूर आपोआप चढत गेला, हात न लावता, आणि मग खट्. धरलं.

थंड करून पुन्हा चालू केलं. पुन्हा सूर चढला, पुन्हा धरलं. कार्बोरेटर चार वेळा खोलला. प्लग बदलला. तेल वाढवलं. त्या रविवारी सहा वेळा इंजिन धरलं आणि सहाव्यांदा मिस्त्री उठले, हात पुसले आणि न सांगता बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

बायको चहा घेऊन गेली, मीही मागं गेलो. तेव्हा त्यांनी ते सांगितलं.

"मास्टर, तुम्हाला मी खोटं सांगितलं. तो हैदराबादवाला आला न्हाई, हे खरंय. पण त्याची पत्रं येत होती. दोन वर्षं. गाडी झाली का, येऊ का? मी एका पत्राला जवाब दिला न्हाई. काय लिहायचं? न्हाई जमली म्हणून? आख्ख्या नांदेडमध्ये न जमलेली गाडी माझ्या हातून कधी गेली न्हाई. हीच एक. मग पत्रं बंद झाली. रोज समोर उभी दिसायची. म्हणून तुकडे करून वाटून टाकली. इंजिन औशाला गेलं तेव्हा झोप लागली मला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. सुतळी सुटली ती बांधत बसले. ज्या माणसाकडून मी सगळं शिकलो तो एका गाडीला इतकी वर्षं घाबरून होता.

बायको मात्र विचारात पडली होती. "काका," ती म्हणाली, "पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो ना? बुडबुडे कुठं येतात बघतो. याला तसं बुडवता येत नाही का? कुठून तरी हवा खात असेल."

मिस्त्रींनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. ती जे म्हणाली ते शास्त्रानुसार अगदी बरोबर होतं. असल्या इंजिनाच्या पोटात बाहेरची हवा शिरली की पेट्रोल-तेल कमी पडतं, ते आपोआप वेग घेतं, तापतं आणि धरतं. हे मी फळ्यावर तीन वेळा शिकवलं होतं. आकृतीसकट, रंगीत खडूनं.

"बुडवू या," मी म्हटलं. "पाणी?"

घरात पिंपात चार बोटं पाणी होतं आणि टँकरला दोन दिवस होते. इंजिन बुडवण्याएवढं पाणी त्या वर्षी सगळ्या गल्लीत मिळून नसावं. बायकोनं वाटीभर पाणी घेतलं, त्यात साबणाचा चुरा टाकून खळखळून फेस केला आणि दाढीचा माझा ब्रश आणला. आम्ही सायलेन्सरच्या तोंडात लाकडाचा बूच ठोकला, कार्बोरेटरच्या जागी रबर बांधलं, पिस्टन खाली घेतला आणि जुन्या प्लगात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून पंपानं हवा भरायला लागलो. बायको इंजिनाला दाढीचा साबण लावल्यासारखा फेस लावत गेली. उजवी बाजू गप्प. वरची गप्प. डाव्या बाजूला, जिथं ठिणगी तयार करणारी चकती असते तिच्या मागं, एक मोठा, गोरागोमटा बुडबुडा आला, फुगला आणि फुटला. मग दुसरा. मग रांगच लागली.

"अल्ला," मिस्त्री हळूच म्हणाले.

चकतीच्या मागचं ऑईल सील. क्रँकच्या दांड्याभोवती बसणारी रबरी कडी. वरून ठणठणीत दिसत होती. आतली कड झिजून गेली होती. मिस्त्रींनी तेव्हा बाकी सगळं बदललं होतं, हिला मात्र चांगली दिसते म्हणून हात लावला नव्हता. आणि तिला बदली शोधायला कुठंही जावं लागलं नाही. दुष्काळामुळं लातुरात बोअर मारायच्या मशिनी इतक्या आल्या होत्या की त्यांच्या सामानाची दुकानं गल्लोगल्ली उघडली होती. दुसऱ्याच दुकानात माप जुळलं.

नव्या सीलवर गाडी तासभर चालली. मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसून होते. हात वर करून मला बंद करू देत नव्हते. बंद केली तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी मला कागद आणायला सांगितलं. पत्र हैदराबादला, जुन्याच पत्त्यावर. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आपली गाडी तयार झाली आहे. उशिराबद्दल माफी असावी.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्या जवानाचं आता पोट सुटलं होतं, गुडघा गेला होता आणि तो ट्रॅक्टरचे भाग विकत होता. त्यानं लिहिलं होतं की पत्र वाचून घरच्यांसमोर मोठ्यानं हसलो. गाडी आता ज्यानं दुरुस्त केली त्याची. फक्त एकदा तरी शर्यतीत उतरवा, तिनं माझ्याकडं एकही पुरी केली नाही.

शर्यत शोधायलाही लांब जावं लागलं नाही. गावाबाहेरचा तलाव कोरडा पडला होता आणि काही उत्साही मंडळींनी गुरांच्या छावणीला मदत म्हणून त्याच्या तळात मोटारसायकलींची शर्यत ठरवली होती. पाच फेऱ्या, कुठलीही गाडी चालेल. गाडी चालवणार अर्थातच मी. आठ दिवस आधी सरावाला गेलो. पहिल्या उंचवट्यावर गाडी उडाली, आणि ती तिच्या वाटेनं, मी माझ्या वाटेनं खाली आलो. ती नीट चाकांवर उतरली. मी बाभळीत. उजवं मनगट मोडलं आणि काटे काढता काढता बायकोनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही; त्यातलं निम्मं कन्नडमध्ये होतं.

"आता?" प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "मैं हूं ना." वय पंचावन्नच्या पुढं.

शर्यतीच्या दिवशी हैदराबाद, पुणे, सोलापूरकडची पोरं चामडी जाकिटं घालून आली होती. बहुतेकांच्या गाड्या रोजच्याच, दिवे काढलेल्या. मिस्त्री पायजम्यावर, पायजमा सायकलच्या क्लिपांनी बांधलेला, पायात कुणाचे तरी जुने लष्करी बूट आणि उसन्या हेल्मेटातून बाहेर आलेली मेंदीची दाढी. लोक हसले. झेंडा पडला. सगळ्या गाड्या गेल्या आणि मिस्त्री उभेच. किक बसत नव्हती. तिसऱ्या किकला गाडी किंचाळली आणि मग मी जे बघितलं ते अजून सांगता येत नाही मला. भेगाळलेल्या तळावरून, धुळीच्या भिंतीतून ती गाडी गेली. इतरांच्या गाड्या खड्ड्यांत आदळत होत्या, ती खड्ड्यांवरून चालत होती. दुसऱ्या फेरीत मिस्त्री पाचवे होते, चौथ्या फेरीत तिसरे. बायको माझ्या प्लास्टरवर बुक्क्या मारत ओरडत होती. शेवटी हैदराबादचा एक पोरगा पहिला आला, मिस्त्री दुसरे.

पण ते थांबलेच नाहीत. झेंडा दाखवला, लोकांनी हात हलवले, मी बोंबललो. मिस्त्री सहाव्या फेरीला निघून गेले. मग सातव्या. बाकीचे खेळाडू उतरून पाणी पीत होते. आठव्या फेरीला बक्षीस समारंभ सुरू झाला आणि अध्यक्षांचं भाषण दर दोन मिनिटांनी त्या आवाजाखाली बुडत होतं. दुसऱ्या क्रमांकाची स्टीलची कळशी मी डाव्या हातानं स्वीकारली. कितव्या तरी फेरीला तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला आवाज बंद पडला.

धरलं वाटतं. आम्ही दोघं पळत सुटलो. मिस्त्री गाडी ढकलत समोरून येत होते, पांढरेफटक, भुवयांपर्यंत धूळ.

"धरलं?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "पेट्रोल संपलं."

"अहो काका, शर्यत कधीच संपली! थांबला का नाही तुम्ही?" बायकोनं विचारलं.

त्यांनी तोंडातली धूळ थुंकली. "मी ऐकून राहिलो होतो, बेटी. आता धरतं, मग धरतं. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता. धरलंच न्हाई ते." आणि एवढं बोलून ते तिथंच तलावाच्या तळात बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले की काय, ते धुळीमुळं नीट कळलं नाही.

गाडी आता मिस्त्रींची, म्हणून ती नांदेडला न्यायची होती; माझ्या वर्गाचं इंजिन फळ्यावरच राहिलं. एसटीचा कंडक्टर टपावर घ्यायला तयार होईना, मग संध्याकाळी एक कडब्याचा ट्रक मिळाला. चौघांनी मिळून गाडी कडब्याच्या थप्पीवर चढवली, दोरानं बांधली. ड्रायव्हरनं मिस्त्रींना पुढं केबिनमध्ये बसायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. दोराला धरून वर चढले, गाडीवर बसले आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. ट्रक अहमदपूरच्या रस्त्याला लागला. चौकातल्या पोलिसानं वर बघितलं, शिट्टी तोंडात धरली आणि न वाजवताच तसाच उभा राहिला.